दहावीनंतर सुटलेले बीजगणित महाविद्यालयात पुन्हा हाती घेताना

कला किंवा वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षात शिकत असताना ऐच्छिक विषय म्हणून, किंवा पुढे घ्यावयाच्या एखाद्या अभ्यासक्रमाची पूर्वतयारी म्हणून, ज्यांनी बीजगणिताचा प्रारंभिक अभ्यासक्रम निवडला आहे त्यांच्यासाठी हे लेखन आहे. सोलापुरात अशा विद्यार्थ्यांना मी बरीच वर्षे शिकवत आले आहे. त्यांतील बहुतेकांचे गणित दहावीच्या परीक्षेपाशी थांबलेले असते. कला शाखेत ते सहसा घेतले जात नाही, आणि वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेता येत असल्यामुळे तिकडे वळणारे पुष्कळ असतात. दोन-तीन वर्षांच्या खंडानंतर हा विद्यार्थी वर्गात येऊन बसतो, फळ्यावर वर्गसमीकरण मांडले जाते, आणि हे आपल्याला कधीतरी येत होते एवढेच त्याला आठवते. या स्थितीत कमीपणा वाटून घेण्यासारखे काही नाही. ती सुधारण्यास एक सत्र पुरते, मात्र त्या सत्रात काय आधी करावे आणि कशावर वेळ घालवू नये हे ठाऊक असावे लागते.

प्रवेश निश्चित करण्यापूर्वी अभ्यासक्रमपत्रिका वाचावी, कारण ‘बीजगणित’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळे विषय शिकवले जातात. विज्ञान शाखेतील गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या बीजगणितात पूर्णांकांची विभाज्यता, संबंध, सारण्या, संमिश्र संख्या असे घटक असतात आणि त्यात सिद्धतेला महत्त्व असते. प्रारंभिक अभ्यासक्रमात बहुपदी, अवयव, रेषीय व वर्गसमीकरणे, असमानता, फले आणि त्यांचे आलेख, शेवटी घातांकी व लघुगणकीय फले असा क्रम असतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम पाहता येतात. ते न उघडता केवळ नावावरून विषय निवडलेला विद्यार्थी चुकीच्या वर्गात जाऊन बसतो आणि महिनाभराने घाबरून बाहेर पडतो, असे मी पाहिले आहे. श्रेयांकांची संख्याही त्याच वेळी पाहून ठेवावी. एका श्रेयांकाला वर्गातील १५ तासांचे अध्यापन धरलेले असते, म्हणजे दोन श्रेयांकांच्या विषयाला ३० तास. वर्गातील प्रत्येक तासामागे घरी दोन तास द्यावेत हा माझा आग्रह आहे. सत्र साधारण १५ आठवड्यांचे धरले तर आठवड्याला चार तास होतात. मोहोळ किंवा अक्कलकोटहून रोज एस.टी.ने ये-जा करणाऱ्याला, आणि सकाळचे महाविद्यालय आटोपून दुपारी कारखान्यात किंवा दुकानात काम करणाऱ्याला, हे चार तास सलग मिळत नाहीत. ते सलग असण्याची गरजही नाही. आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा पाच दिवस रोज पाऊण तास बसणे या विषयाला अधिक मानवते.

पहिल्या दोन आठवड्यांत वर्ग आपल्या गतीने चालत असतो. त्याच्या बरोबरीने घरी आपले जुने दुवे तपासून घ्यावेत. त्यासाठी नवे पुस्तक विकत घेण्याचे कारण नाही. बालभारतीची नववी आणि दहावीची गणित भाग १ ही पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. नववीच्या पुस्तकातील वास्तव संख्या, बहुपदी आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे ही प्रकरणे, तसेच दहावीच्या पुस्तकातील दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे ही प्रकरणे एवढीच पुन्हा सोडवावीत. संभाव्यता, सांख्यिकी, अर्थनियोजन हे या कामापुरते बाजूला ठेवले तरी चालते. वाचण्याआधी मात्र कोऱ्या कागदावर स्वतःची परीक्षा घ्यावी. तीन चतुर्थांशातून पाच षष्ठांश वजा करा. (−३)² आणि −३² यांच्या किमती वेगवेगळ्या लिहा. ८ − ३(२ − ५) ची किंमत काढा. पहिल्याचे उत्तर −१/१२ आहे. दुसऱ्यात एकदा ९ आणि एकदा −९ येते, कारण कंस नसेल तर वर्ग फक्त ३ चा होतो आणि ऋणचिन्ह नंतर लागते. तिसऱ्याचे उत्तर १७ आहे. तेथे −१५ आले असेल तर आठातून तीन आधी वजा केले गेले आहेत आणि गुणाकाराचा मान राखला गेलेला नाही. या तिन्हींत एकही चूक झाली नसेल तर उजळणी दोन दिवसांत उरकावी. चूक झाली असेल तर वर्गात पुढे काय चालले आहे याची चिंता न करता आधी अपूर्णांक आणि चिन्हे पक्की करावीत. बीजगणित अवघड जाते असे सांगत माझ्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांपैकी फार मोठ्या संख्येचे खरे दुखणे अपूर्णांकांत होते.

ऋण संख्यांविषयी एक गोष्ट येथेच सांगते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले, तेव्हा त्याने वापरलेले शब्द व्यवहारातले होते: धन म्हणजे जवळ असलेले, ऋण म्हणजे देणे. आपल्या भाषेत हे शब्द आजही त्याच अर्थाने जिवंत आहेत, आणि त्याचा उपयोग करून घ्यावा. देण्यातून देणे वजा झाले की माणूस तितका सावरतो, म्हणून ऋण वजा करणे म्हणजे मिळवणे. दोन रुपयांच्या देणेकऱ्यापेक्षा पाच रुपयांचा देणेकरी अधिक खाली असतो, म्हणून २ हे ५ पेक्षा लहान असले तरी −२ हे −५ पेक्षा मोठे असते. असमानतेच्या दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणले की चिन्हाची दिशा का उलटते, याचे उत्तर एवढ्यातच आहे. ते समजले की तो नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

बरोबर या चिन्हाचा अर्थ

या अभ्यासक्रमात सर्वांत जास्त लक्ष कशाकडे द्यावे असे कोणी विचारले, तर मी बरोबर या चिन्हाकडे बोट दाखवीन. शाळेत अंकगणित करता करता आपल्याला सवय लागते की हे चिन्ह म्हणजे ‘उत्तर आले’ अशी खूण. त्या सवयीने ३क्ष + ७ = २२ हे समीकरण सोडवताना विद्यार्थी लिहितो: २२ − ७ = १५ ÷ ३ = ५. उत्तर बरोबर असते, पण लिहिलेले वाक्य खोटे असते, कारण २२ − ७ म्हणजे १५, आणि १५ ÷ ३ म्हणजे ५, आणि १५ व ५ समान नाहीत. साध्या उदाहरणात हे खपून जाते. समीकरणात वर्ग, मूळ आणि अपूर्णांक एकत्र आले की याच सवयीमुळे विद्यार्थ्याला आपण कोठे चुकलो हे शोधता येत नाही, कारण त्याच्या वहीतील ओळींना अर्थच उरलेला नसतो. बीजगणितातील प्रत्येक ओळ हे एक पूर्ण विधान असते: डावीकडची राशी आणि उजवीकडची राशी समान आहेत. ओळ लिहिली की ती मनात वाक्यासारखी वाचावी.

दुसरी सवय ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ या वाक्याची. शाळेत हे वाक्य सोयीसाठी शिकवले जाते आणि त्यामागचे कारण विसरले जाते. मग ३क्ष = १२ येथे कोणी क्ष = १२ − ३ लिहितो, तर कोणी तीनची बाजू बदलताना चिन्हही बदलून क्ष = −४ असे उत्तर काढतो. दोघांनीही नियम पाळलेला असतो! म्हणून निदान पहिला महिनाभर हे वाक्य पूर्णपणे सोडून द्यावे आणि प्रत्येक ओळीच्या उजव्या कडेला, दोन्ही बाजूंवर आपण काय केले ते शब्दांत लिहावे. ३क्ष + ७ = २२ च्या खाली ३क्ष = १५ लिहिताना कडेला ‘दोन्ही बाजूंतून ७ वजा केले’, आणि क्ष = ५ लिहिताना ‘दोन्ही बाजूंना ३ ने भागले’. यात वेळ जातो आणि वही लवकर संपते, परंतु चार आठवड्यांत हात आपोआप वळतो आणि मग शब्द लिहिण्याची गरज उरत नाही.

कारण लिहिण्याचा आणखी एक लाभ असा की जे करणे योग्य नाही ते लिहिताना मन अडखळते. क्ष² = ५क्ष हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंना क्ष ने भागले की क्ष = ५ मिळते आणि काम झाल्यासारखे वाटते. पण कडेला ‘दोन्ही बाजूंना क्ष ने भागले’ असे लिहिताना क्ष शून्य असेल तर काय, हा प्रश्न पडायला हवा, कारण शून्याने भागता येत नाही. क्ष = ० ठेवून पाहिले तर समीकरण खरे ठरते, म्हणजे भागण्याच्या घाईत एक मूळ हरवले. योग्य रीत अशी की सर्व पदे एका बाजूला आणून क्ष(क्ष − ५) = ० असे अवयव पाडावेत आणि दोन्ही मुळे, ० आणि ५, मिळवावीत.

ताळा

ताळा करून पाहणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. हिशेब लिहिणारी मंडळी ती कधी चुकवत नसत. बीजगणितात तिचे मोल अंकगणिताहून अधिक आहे, कारण येथे उत्तराची खात्री करण्यासाठी पुस्तकाची शेवटची पाने उलटावी लागत नाहीत. आलेली किंमत मूळ समीकरणात ठेवायची आणि दोन्ही बाजू समान होतात का ते पाहायचे. मूळ समीकरणात, मधल्या ओळीत नव्हे, कारण चूक मधल्या ओळीच्या आधी झालेली असू शकते.

काही समीकरणांत तर ताळ्यावाचून उत्तर अपुरेच असते. √(क्ष + ६) = क्ष हे घेऊ. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष + ६ = क्ष², म्हणजे क्ष² − क्ष − ६ = ० मिळते, आणि अवयव पाडल्यावर क्ष = ३ किंवा क्ष = −२. आता ताळा पाहा. क्ष = ३ ठेवले तर डावीकडे √९ म्हणजे ३, उजवीकडेही ३. क्ष = −२ ठेवले तर डावीकडे √४ म्हणजे २, आणि उजवीकडे −२. हे दुसरे मूळ खोटे आहे. गणित कोठेही चुकलेले नाही. वर्ग करताना चिन्हाचा भेद पुसला जातो, आणि त्यामुळे नसलेले मूळ आत येते. हे ज्याला माहीत नाही तो दोन्ही उत्तरे लिहून येतो आणि गुण का गेले हे त्याला कळत नाही.

ताळ्याचा दुसरा उपयोग सूत्रांच्या बाबतीत होतो. (क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ९ असे लिहिण्याची चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती प्रत्येक तुकडीत पहिल्या आठवड्यात दिसते. शंका आली की क्ष च्या जागी एखादी संख्या ठेवून पाहावी. क्ष = २ ठेवले तर डावीकडे २५ आणि उजवीकडे १३ येतात, म्हणजे सूत्र चुकले, मधले ६क्ष हे पद राहिले. मात्र संख्या निवडताना शून्य घेऊ नये. क्ष = ० ठेवले तर दोन्हीकडे ९ येतात आणि चुकीचे सूत्र बरोबर असल्याचा भास होतो. एकही टाळावा, कारण त्याचे सर्व घात सारखेच असतात. दोन, तीन किंवा पाच घेणे बरे. (क्ष + ६)/६ मधील सहाला सहाने छेद देऊन नुसता क्ष उरवणाऱ्यांनीही हीच कसोटी लावावी. क्ष = ३ ठेवले तर खरी किंमत दीड येते, तीन नाही.

अक्षर कशाच्या जागी आहे

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितावर ग्रंथ लिहिला, तेव्हा पहिल्या अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जितके असेल तितके’. एकाहून अधिक अज्ञात राशी असल्या की पुढच्या राशींना रंगांची नावे येत: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना त्यांची पहिली अक्षरे, या, का, नी, पी, लो अशी वापरली जात. रंगीत सुतावर वाढलेल्या आपल्या शहरातील विद्यार्थ्यांना हे सांगितले की त्यांचे चेहरे उजळतात, आणि मला स्वतःलाही ‘यावत्तावत्’ हा शब्द क्ष पेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण अक्षर हे एका संख्येच्या जागी आहे हे तो उघड सांगतो.

ही गोष्ट शाब्दिक उदाहरणांत फार महत्त्वाची ठरते. समजा, संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर भरणाऱ्या गड्डा यात्रेत एका विक्रेत्याने एका दिवशी चादरी आणि टॉवेल मिळून ३८ नग विकले. चादर ५०० रुपयांना आणि टॉवेल १२० रुपयांना होता, आणि एकूण विक्री १०,६४० रुपये झाली. तर चादरी किती विकल्या? येथे बरेच विद्यार्थी ‘क्ष = चादर, य = टॉवेल’ असे लिहितात, आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते. चादर ही वस्तू आहे, संख्या नाही. ती समीकरणात मिळवता किंवा गुणता येत नाही. शिवाय क्ष म्हणजे चादरीची किंमत, चादरींची संख्या की चादरींपासून मिळालेली रक्कम, हे त्या लिहिण्यावरून कळत नाही, आणि दोन ओळींनंतर लिहिणाराच ते विसरतो. म्हणून पूर्ण वाक्य लिहावे: विकलेल्या चादरींची संख्या क्ष मानू, विकलेल्या टॉवेलांची संख्या य मानू. मग नगांचे समीकरण क्ष + य = ३८, आणि रुपयांचे समीकरण ५००क्ष + १२०य = १०,६४०. प्रत्येक समीकरणातील सर्व पदे एकाच मापाची आहेत का, म्हणजे पहिल्यात सगळे नग आणि दुसऱ्यात सगळे रुपये आहेत का, हे येथेच पाहून घ्यावे. पहिल्यावरून य = ३८ − क्ष, ते दुसऱ्यात ठेवले की ५००क्ष + ४,५६० − १२०क्ष = १०,६४०, म्हणजे ३८०क्ष = ६,०८०, आणि क्ष = १६. टॉवेल २२. ताळा शब्दांच्या उदाहरणाशी करावा, स्वतः मांडलेल्या समीकरणाशी नव्हे, कारण मांडणीच चुकली असेल तर समीकरण तिला साथ देते. सोळा चादरींचे ८,००० आणि बावीस टॉवेलांचे २,६४० मिळून १०,६४० होतात, आणि नगही ३८ भरतात.

उदाहरण वाचल्याबरोबर समीकरण सुचत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यावर माझा उपाय असा: आधी उत्तर मनाने ठोकून द्यावे. चादरी २० असतील असे मानून हिशेब करावा. टॉवेल १८, रक्कम १०,००० अधिक २,१६०, म्हणजे १२,१६०. उत्तर जुळत नाही, पण हिशेब करताना आपण कोणत्या संख्येला कशाने गुणले हे कळले. आता २० च्या जागी क्ष ठेवून तोच हिशेब पुन्हा लिहिला की समीकरण तयार होते. ही रीत संथ असली तरी तिच्यामुळे समीकरण कोठून येते हे दिसते, आणि ‘वय’, ‘वेग’, ‘मिश्रण’ अशी उदाहरणांची साचेबंद वर्गवारी पाठ करावी लागत नाही.

वर्गसमीकरणे

वर्गसमीकरणासाठी तीन रीती शिकवल्या जातील: अवयव पाडणे, पूर्ण वर्ग करणे आणि सूत्र वापरणे. अवयव चटकन दिसले तर तेच करावे. मिनिटभरात दिसले नाहीत तर सूत्राकडे जावे, अवयव शोधण्यात परीक्षेची दहा मिनिटे घालवू नयेत. पूर्ण वर्गाची रीत विद्यार्थ्यांना नकोशी वाटते, कारण तिच्यात अपूर्णांक फार येतात. श्रीधराचार्यांची रीत, जी भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात उद्धृत केली आहे, हा त्रास चुकवते. तिच्यात वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना आधी गुणायचे आणि मग क्ष च्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवायचा. २क्ष² + ५क्ष = १२ घेऊ. दोनाची चौपट आठ, म्हणून १६क्ष² + ४०क्ष = ९६. पाचाचा वर्ग २५ मिळवला की डावी बाजू बरोबर (४क्ष + ५)² होते आणि उजवीकडे १२१ येतात. म्हणून ४क्ष + ५ = ११ किंवा −११, आणि क्ष = ३/२ किंवा −४. शेवटच्या ओळीपर्यंत एकही अपूर्णांक आला नाही. हीच कृती आकड्यांऐवजी अक्षरांवर केली की आपण पाठ करतो ते सूत्र हाती येते. एकदा स्वतः ते काढून पाहावे, म्हणजे सूत्रातील प्रत्येक चिन्ह कोठून आले हे कायमचे लक्षात राहते.

फले आणि आलेख

सत्राच्या मध्यावर फल ही संकल्पना येते आणि चांगले चाललेले विद्यार्थीही तेथे थबकतात. फ(क्ष) हे लेखन फ आणि क्ष यांचा गुणाकार नव्हे, हे प्रथम मनावर ठसवावे. फ हे एका नियमाचे नाव आहे आणि कंसात त्या नियमाला दिलेली संख्या आहे. तापमानाचे उदाहरण मला येथे उपयोगी वाटते, कारण सोलापूरचा उन्हाळा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सेल्सिअस तापमान क्ष असेल तर फॅरनहाइट तापमान फ(क्ष) = १.८क्ष + ३२. म्हणून ४० अंश सेल्सिअसला फ(४०) = १०४. या रेषेचा चढ १.८ आहे, म्हणजे सेल्सिअस एका अंशाने वाढले की फॅरनहाइट १.८ अंशाने वाढते. ३२ हे क्ष शून्य असतानाचे मूल्य आहे. चढ आणि आरंभीचे मूल्य या दोन गोष्टींना प्रत्येक वेळी असा व्यवहारातील अर्थ द्यावा, म्हणजे आलेख ही केवळ कागदावरची रेघ राहत नाही. दोन्ही मापांवर एकच आकडा केव्हा येईल, हेही विचारून पाहावे. क्ष = १.८क्ष + ३२ सोडवले की −४० येते.

आलेख आधी हाताने काढावा. पाच-सहा बिंदू घेऊन आलेख कागदावर काढलेला वक्र बोटांना जितका कळतो तितका पडद्यावर तयार आलेला कळत नाही. त्यानंतर जिओजेब्रासारख्या विनामूल्य साधनावर तोच आलेख काढून आपला पडताळून पाहावा, आणि सहगुणक बदलला की वक्र कसा सरकतो हे तेथे मनसोक्त पाहावे.

घातांकी व लघुगणकीय फलांना बहुधा सत्राचे शेवटचे काही तास मिळतात. त्यात एकच प्रश्न घट्ट धरावा: कोणत्या घातापर्यंत नेले की ही संख्या मिळेल? लघुगणक म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर. ८ टक्के चक्रवाढीने ठेवलेली रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील, हा प्रश्न म्हणजे १.०८ चा कितवा घात २ होईल हा प्रश्न. नवव्या घाताला किंमत १.९९९ पर्यंत पोहोचते, म्हणून उत्तर जवळजवळ नऊ वर्षे. नियम पाठ करण्यापूर्वी अशी दोन-तीन उदाहरणे करून घेतली की पुरे.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात ‘सहगुणक’ऐवजी ‘कोएफिशियंट’, ‘चल’ऐवजी ‘व्हेरिएबल’, ‘अवयव’ऐवजी ‘फॅक्टर’, ‘करणी’ऐवजी ‘सर्ड’ ऐकावे लागते. त्याला गणित येत असते, पण शब्द कळत नसल्यामुळे येत नाही असे वाटते. सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू आणि अक्कलकोटकडच्या अनेक घरांत कन्नड बोलली जाते, म्हणजे ते मूल घरी एका भाषेत, शाळेत दुसऱ्या आणि आता महाविद्यालयात तिसऱ्या भाषेत गणिताला सामोरे जाते. अशा विद्यार्थ्याने वहीच्या शेवटच्या पानांवर शब्दांची जोडयादी करावी आणि प्रत्येक शब्दापुढे व्याख्येऐवजी एक उदाहरण लिहावे: ७क्ष² मध्ये ७ हा सहगुणक, म्हणजे कोएफिशियंट. साठ-सत्तर शब्दांत सारे सत्र निभावते. मनातल्या मनात हिशेब ज्या भाषेत जमतो त्याच भाषेत खुशाल करावा, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उत्तरपत्रिकेची भाषा तेवढी ठरलेली असते.

अभ्यासाची रीत

वर्गात फळ्यावर सोडवलेले उदाहरण समजले म्हणजे ते आपल्याला सोडवता येते असे नाही. संध्याकाळी वही मिटून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पुन्हा करावे. अडले तर वही उघडून फक्त पुढची एक ओळ पाहावी आणि पुन्हा मिटावी. चित्रफिती पाहतानाही हेच पाळावे, नाहीतर तासभर पाहूनही हाताला काहीच लागत नाही. तीन-चार दिवसांनी मागील प्रकरणांतील उदाहरणे मिसळून सोडवावीत. एकाच प्रकरणातील वीस उदाहरणे ओळीने केली की कोणती रीत वापरायची हे आधीच ठाऊक असते, आणि परीक्षेत नेमके तेच ठाऊक नसते.

चुकांची एक वेगळी वही ठेवावी. तीत चुकलेली ओळ जशीच्या तशी उतरवावी, तिच्याखाली बरोबर ओळ आणि चुकीचे कारण एका वाक्यात लिहावे. महिनाभराने ही वही चाळली की आपल्या चुका पन्नास वाटल्या तरी मुळात चार-पाचच प्रकारच्या आहेत हे दिसते: कंसाबाहेरचे ऋणचिन्ह आतल्या दुसऱ्या पदाला न लावणे, बेरजेत छेद देणे, वर्गमूळ घेताना ऋण किंमत विसरणे. एस.टी.च्या प्रवासात उदाहरणे सोडवणे कठीण असते. तेथे ही वही वाचावी.

शिक्षकांकडे जाताना ‘मला हे प्रकरणच समजत नाही’ असे म्हणू नये, कारण त्यावर शिक्षकांना सगळे प्रकरण पुन्हा सांगण्यावाचून मार्ग उरत नाही. आपण जेथवर पोहोचलो ती ओळ दाखवावी आणि विचारावे, ‘सर, येथपर्यंत आले, पण या ओळीवरून पुढची कशी आली?’ प्रश्न असा नेमका झाला की उत्तर दोन मिनिटांत मिळते. पहिल्या अंतर्गत चाचणीत गुण कमी पडले तर त्याच आठवड्यात उत्तरपत्रिका मागून पाहावी. पुढची प्रकरणे मागच्यांवर उभी असल्यामुळे या विषयात मागे राहिलेले अंतर आपोआप भरून निघत नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री नवे काही सोडवू नये. उन्हाळी सत्राची परीक्षा असेल तर दुपारच्या उन्हातून केंद्रावर पोहोचण्यात दमछाक होते, म्हणून निदान अर्धा तास आधी पोहोचून सावलीत बसावे. प्रश्नपत्रिका हाती आली की आधी पूर्ण वाचावी, आणि ज्या प्रश्नाची रीत वाचताक्षणी दिसली तो प्रथम सोडवावा. पायऱ्या गाळू नयेत, कारण शेवटचे उत्तर चुकले तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळू शकतात. कच्चे काम त्याच पानाच्या उजव्या कडेला करावे, म्हणजे आकडा उतरवताना चूक होत नाही. शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि त्यांत सर्वांत आधी करणीच्या समीकरणांचा ताळा करावा, मग असमानतेच्या चिन्हांची दिशा पाहावी, आणि वेळ उरला तर शाब्दिक उदाहरणाच्या उत्तरापुढे नग, रुपये, किलोमीटर असे माप लिहिले आहे का ते तपासावे.